बांध शाबूत होता, तरी तुकडा पडला : रूट कॅनालनंतर दोनदा भरलेली एक दाढ

ही दाढ मी दोनदा भरली. पहिल्यांदा भरली तेव्हा काम मनासारखं झालं होतं, फोटो काढून ठेवावेत इतकं. चौदा महिन्यांनी त्याच दाढेचा एक तुकडा कागदी रुमालात गुंडाळून ते गृहस्थ माझ्यासमोर येऊन बसले. दुसऱ्यांदा भरली त्याला आता सव्वादोन वर्षं झाली. मधे माझं काय चुकलं हे कळायला तो तुकडाच सगळ्यात उपयोगी पडला, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून काढते आहे. रुग्णाची ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही.

पहिली भेट

वय ४१. खालच्या उजव्या बाजूची पहिली मोठी दाढ, आमच्या हिशेबात ४६ क्रमांकाची. रूट कॅनाल पाच आठवड्यांपूर्वी दुसरीकडे झालेलं, आणि पुढचं काम या ना त्या कारणानं राहून गेलेलं. "दुखत काही नाही डॉक्टर. वरचं कच्चं सिमेंट काढून पक्कं करून द्या, एवढंच." कॅप घालावी लागेल असं त्यांना आधीच सांगण्यात आलं होतं आणि ती त्यांना नको होती. चांगली दाढ चारी बाजूंनी तासायची ही कल्पनाच पटत नव्हती. खरं सांगायचं तर मलाही फारशी पटत नव्हती, आणि माझ्या पुढच्या निर्णयात या नावडीचा वाटा होता.

एक्स-रेवर रूट कॅनालचं काम नेटकं होतं. चारही कॅनाल भरलेले, मुळाच्या टोकापासून मिलिमीटरभर अलीकडे भरण थांबलेलं, टोकाशी काळी सावली नाही. हिरडीभोवती प्रोब (खोली मोजायची बारीक सळी) फिरवला तर सगळीकडे दोन ते तीन मिलिमीटर. ही तपासणी मी कधी टाळत नाही. मूळ उभं तडकलेलं असेल तर बहुतेक वेळा प्रोब एकाच अरुंद जागी खोलवर उतरतो, आणि मग वर काहीही भरा, ती दाढ वाचत नाही. इथे तसं काही नव्हतं.

कच्चं सिमेंट काढायला घेतलं आणि लवंगेच्या तेलाचा ओळखीचा वास आला. म्हणजे आत युजेनॉल होतं. हे रसायन दुखऱ्या दाताला थंड करतं, पण कॉम्पोझिटचा, म्हणजे दाताला चिकटवून भरायच्या दाताच्या रंगाच्या मालाचा, रेझिन नीट घट्ट होऊ देत नाही, त्यामुळे तो वास आला की मी सफाईला दहा मिनिटं जास्तीची धरते. सिमेंट चांगलं चार मिलिमीटर जाड होतं, कडा धरून होत्या, खालची गटापर्चा (कॅनाल भरायचा रबरासारखा पदार्थ) कोरडी होती. पाच आठवडे म्हणजे जरा जास्तच, पण लाळ आत झिरपल्याची खूण नव्हती. झिरपलेली असती आणि महिने उलटले असते तर आधी कॅनालच पुन्हा करावे लागले असते. रे आणि ट्रोप यांनी १९९५ मध्ये हजाराहून अधिक दातांचे एक्स-रे तपासून हेच मांडलं होतं, की मुळाच्या टोकाची तब्येत कॅनालच्या भरणाइतकीच, किंबहुना जास्तच, वरच्या झाकणावर अवलंबून असते.

आता उरलं काय होतं ते पाहू. दाढेच्या माथ्यावर जे उंचवटे असतात त्यांना आम्ही कस्प म्हणतो. पुढच्या आणि मागच्या कडेला या उंचवट्यांना जोडणारी इनॅमलची, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण कवचाची, एकेक धार असते, ती मार्जिनल रिज. मी रुग्णांना तिला बांध म्हणते, कारण ती शेताच्या बांधासारखीच दिसते आणि कामही धरून ठेवण्याचंच करते. या दाढेचा पुढचा बांध कीड आणि एक जुनं भरण यांच्यात गेलेला होता. मागचा बांध शाबूत होता. कॅलिपरनं भिंतींची बुडाशी जाडी मोजली: गालाकडचे कस्प तीन मिलिमीटरच्या वर, जिभेकडचा मागचा २.८, जिभेकडचा पुढचा २.१. हा शेवटचा आकडा केस पेपरवर माझ्याच अक्षरात आहे. तो लिहूनही मी त्याचं ऐकलं नाही.

दाढ कमकुवत होते ती कशानं

रूट कॅनाल केलं की दात वाळतो, ठिसूळ होतो, असं सर्रास म्हटलं जातं. आमच्यातलेही पुष्कळ जण रुग्णाला तसंच सांगतात, कारण पटायला सोपं आहे. पण सेजली आणि मेसर यांनी १९९२ मध्ये एकाच तोंडातले रूट कॅनाल झालेले आणि जबड्याच्या दुसऱ्या बाजूचे त्याच जागेचे जिवंत दात, अशा २३ जोड्या तपासल्या तेव्हा डेंटिनच्या (इनॅमलखालच्या थराच्या) कठीणपणात जेमतेम ३.५ टक्क्यांचा फरक निघाला. बाकीच्या गुणांत म्हणण्यासारखं काही नाही. म्हणजे माल तोच असतो, बांधकाम पडलेलं असतं.

किती पडलेलं असतं, याचे आकडे त्याआधी, १९८९ मध्ये, रीह, मेसर आणि डग्लस यांनी उपदाढांवर मोजले होते. नुसतं रूट कॅनालसाठी माथ्यावर भोक पाडलं तर कस्पचा ताठपणा पाच टक्क्यांनी घटतो. माथ्यावर भरणासाठी खड्डा केला तर वीस टक्क्यांनी. आणि पुढचा-मागचा असे दोन्ही बांध कापले तर ६३ टक्क्यांनी. हे आकडे शिकताना प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनावर कोरले जातात, आणि त्यातून एक सोयीचा निष्कर्ष निघतो: एक जरी बांध उरला असेल तरी निभावतं. मीही तोच काढला. मात्र रीह यांचे दात प्रयोगशाळेत मोजून-मापून कापलेले होते. माझ्या समोरच्या दाढेत एक बांध नव्हताच, शिवाय मधलं छत उघडून पल्प चेंबरपर्यंत, म्हणजे नस असते त्या पोकळीपर्यंत, खोल विहीर झालेली होती. भिंत जितकी उंच तितकी ती बुडाशी जास्त वाकते. जिभेकडची पुढची भिंत आता चेंबरच्या तळापासून मोजायची होती. मी मात्र ती बाहेरून दिसते तेवढीच उंच धरली.

आणखी एक गोष्ट जिवंत आणि रूट कॅनाल झालेल्या दाताला वेगळं करते. खडा लागला की आपण दचकून जबडा उघडतो. नस काढल्यावर ही जाणीव मंदावते. रँडो आणि ग्लांट्झ यांनी १९८६ मध्ये दातांना भार लावून पाहिलं तेव्हा दुखायला लागेपर्यंत निर्जीव दात जिवंत दाताच्या दुपटीहून अधिक भार सोसत होते. हा फायदा नव्हे. पहारेकरी झोपला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मग कॉम्पोझिटनं बळकटी येते म्हणजे काय होतं? चावताना वरच्या दाढेचं टोक खालच्या दाढेच्या खळग्यात येऊन बसतं आणि दोन्ही बाजूंच्या कस्पना पाचरीसारखं फाकवतं. चांदीचं भरण खळगा भरतं, पण भिंतींना धरून ठेवत नाही, त्यामुळे पाचर चालूच राहते. कॉम्पोझिट भिंतींना चिकटतं. ब्युओनोकोर यांनी १९५५ मध्ये फॉस्फोरिक आम्लानं इनॅमल खरबरीत करून त्याला रेझिन चिकटवून दाखवलं, बोवेन यांनी १९६२ च्या सुमारास बिस-जीएमए हा रेझिन आणला, नाकाबायाशी यांनी १९८२ मध्ये रेझिन डेंटिनच्या कोलॅजनमध्ये शिरून मिश्र थर कसा बनवतो ते दाखवलं, आणि या सगळ्यांच्या जोरावर आज आपण एक भिंत दुसरीला आतून बांधू शकतो. बळकटी म्हणायची तर ती या बांधण्यात आहे. प्रयोगशाळेत असं आतून बांधलेल्या दाढेला गेलेल्या ताठपणाचा बराच भाग परत मिळतो. तोंडात मात्र ती बांधणी रोज ओली राहते, रोज हजारदा वाकते, आणि हळूहळू सैलावते. शिवाय कॉम्पोझिट घट्ट होताना आक्रसतं, साधारण दोन-तीन टक्के. चारी बाजूंनी भिंतींना चिकटलेला माल आक्रसला की तो भिंतींना आत ओढतो. म्हणजे ज्याला आपण आधार म्हणून आत घालतो तोच पहिल्या मिनिटापासून कस्पवर ताण ठेवतो.

हे सगळं मला माहीत होतं, आणि तरीही मी ती दाढ कस्प न झाकता भरायचं ठरवलं. मागचा बांध शाबूत, प्रकाश टाकून पाहिलं तर तडा नाही, रुग्णाला तासकाम नको, आणि भरण चिकटवण्याच्या माझ्या कामावर माझा विश्वास. चार कारणं होती. पैकी शेवटचं सगळ्यात वजनदार होतं.

पहिलं भरण

रबर डॅम, म्हणजे दात तोंडातल्या ओलाव्यापासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा, लावला. याबाबतीत मी हट्टी आहे. उच्छ्वासातली वाफ आणि लाळ यांच्यासमोर कुठलंही महागडं बाँडिंग हरतं. कॅनालच्या तोंडाशी गटापर्चा गरम हत्यारानं मिलिमीटर-दीड मिलिमीटर खाली कापली, भिंतींना लागलेले नारिंगी पुसट डाग आणि सीलरचा थर काढला. युजेनॉलमुळे नुसतं अल्कोहोलनं पुसून भागत नाही. वरवरचं डेंटिन खरवडून ताजं करावं लागतं, ते ५० मायक्रॉनच्या अ‍ॅल्युमिना पावडरीच्या झोतानं केलं. रूट कॅनालमध्ये वापरलेलं सोडियम हायपोक्लोराइटही असाच त्रास देतं: मागे उरलेला ऑक्सिजन रेझिनला पुरतं जमू देत नाही. पण पाच आठवड्यांत त्याचा जोर ओसरलेला, आणि ताज्या पृष्ठभागामुळे उरलासुरला प्रश्नही मिटला.

बाकीचं नेहमीचं. कडेच्या इनॅमलला आम्ल, मग सगळीकडे बाँडिंग वीस सेकंद चोळून, हवेनं पातळ करून, प्रकाशानं घट्ट. कॅनालची तोंडं पातळ कॉम्पोझिटनं बुजवली. पुढच्या बाजूला मॅट्रिक्स बँड (साच्यासारखी पातळ पट्टी) आणि वेज (पाचर) लावून आधी बाहेरची भिंत उभी केली आणि मग आतली विहीर तिरक्या थरांनी, एकेक थर दोन मिलिमीटरच्या आत ठेवत भरत आणली. तळाचे थर दिव्याच्या टोकापासून सात मिलिमीटर लांब पडतात आणि तिथे पोहोचणारा प्रकाश बऱ्याच दिव्यांत निम्म्यावर येतो, म्हणून तिथे वीसऐवजी चाळीस सेकंद दिले. शेवटी निळा कागद चावायला देऊन उंच लागलेले ठिपके उतरवले. दात मिटून चावल्यावर खुणा छान सारख्या पडल्या. जबडा डावी-उजवीकडे सरकवून घेतला नाही. का नाही, याला उत्तर नाही. उशीर झाला होता.

तुकडा

चौदा महिन्यांनी फोन आला. दुखत नव्हतं, जिभेला धार लागत होती. न्याहारी करताना कट असा आवाज आला आणि तोंडात काहीतरी कडक फिरू लागलं. सुदैवानं त्यांनी ते गिळलं नाही.

जिभेकडचा पुढचा कस्प बुडापासून गेला होता. तोच, २.१ वाला.

तुकडा मी भिंगाखाली घेतला. आतल्या अंगाला कॉम्पोझिटचा पातळ पापुद्रा अजून चिकटून होता, म्हणजे वरच्या भागात बाँडिंगनं साथ सोडली नव्हती. सुटायच्या ऐवजी कॉम्पोझिटच फाटलं होतं. बुडाशी मात्र उघडं डेंटिन. आणि त्या उघड्या डेंटिनमध्ये दोन रंग होते. पुढच्या बाजूच्या खोलगट भागाच्या कोपऱ्यापासून निघालेला, नखाएवढासुद्धा नाही असा एक तपकिरी पट्टा, आणि त्यापलीकडे स्वच्छ पांढरा, ताजा तुटलेला भाग. तपकिरी म्हणजे तिथे लाळ आणि रंग आधीपासून पोहोचत होते. तडा त्या न्याहारीला सुरू झाला नव्हता. तो कित्येक महिने आतल्या कोपऱ्यातून रोज थोडा थोडा सरकत आला होता, आणि त्या सकाळी उरलेलं अंतर त्यानं एका झटक्यात पार केलं.

भिंगातून डोळा काढला तेव्हा मनातली सबब गळून पडली होती. भरण सुटलं असतं तर मी बाँडिंगला, ओलाव्याला, युजेनॉलला दोष दिला असता. पण चिकटवण्याचं काम ठीक होतं, बेत चुकला होता. भिंत आतून बांधली होती. वरून दाबणाऱ्या, बाहेर ढकलणाऱ्या भारापासून तिला झाकलं नव्हतं.

ढकलणारा भार कुठून येत होता तेही त्याच दिवशी कळलं. या वेळी जबडा उजवीकडे सरकवायला सांगितलं. जिभेकडचा मागचा कस्प शिल्लक होता, त्याच्या आतल्या उतारावर लाल कागदाची लांब घसरट खूण उमटली. म्हणजे बाजूला चावताना वरच्या दाढेचं टाळूकडचं टोक या उतारांवरून घासत जात होतं आणि त्यांना जिभेच्या दिशेनं लोटत होतं. खालच्या दाढांचे जिभेकडचे कस्प तुटलेले आम्हाला नेहमी दिसतात, त्यामागे हे एक कारण असतं. मग समोरचे दात पुन्हा पाहिले. सुळ्यांची टोकं सपाट. "रात्री दात खाता का?" असं विचारलं. ते हसले. "मला कसं कळणार? बायको म्हणते, आवाज येतो." हा प्रश्न मी पहिल्या भेटीत विचारला नव्हता. सुळे तेव्हाही सपाटच असणार.

दुसऱ्यांदा काय करायचं

नशीब एवढंच की तुटलेली कड हिरडीच्या मिलिमीटरभर वर राहिली होती. ती हिरडीच्या खाली, हाडाजवळ गेली असती तर हे लिखाण वेगळं झालं असतं. प्रोब पुन्हा फिरवला, एक्स-रे काढला, जुनं कॉम्पोझिट काढून चेंबरचा तळ प्रकाशात पाहिला. तळावर तडा नव्हता. कॅनालच्या तोंडावरचं बूच जिथल्या तिथे घट्ट होतं, ते हलवलं नाही.

आता तरी कॅप, असं सहज वाटेल. त्यांनाही वाटलं, या वेळी ते तयार होऊन आले होते. कॅपच्या बाजूनं पुरावाही आहे. अ‍ॅक्विलिनो आणि कॅप्लन यांच्या २००२ च्या अभ्यासात रूट कॅनालनंतर कॅप नसलेले दात कॅप असलेल्यांच्या तुलनेत सहापट वेगानं गमावले गेले. आकडा जबर आहे, पण हा मागे वळून नोंदी चाळलेला अभ्यास. ज्या दाताचं भवितव्य मुळातच बरं दिसतं त्यालाच डॉक्टर कॅप घालतो, हे त्यात मिसळलेलं असतं. त्याच वर्षी मनोची आणि सहकाऱ्यांनी उपदाढांची सरळ चाचणी घेतली: काहींना फायबर पोस्ट (कॅनालमध्ये बसवायची तंतूंची सळई) आणि कॉम्पोझिट, काहींना त्यावर पूर्ण कॅप. तीन वर्षांत दोन्ही गटांत अपयश सारखंच. पण त्या उपदाढांचे कस्प शाबूत होते, आणि तीन वर्षं म्हणजे दाताच्या आयुष्यात फार नाही. कोक्रेन या, वैद्यकीय पुरावे एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात निकषांत बसणारी चाचणी हीच एक सापडली आणि त्यांनी निकाल द्यायचं नाकारलं. थोडक्यात, कॅप की भरण हा प्रश्न पुस्तक उघडून सुटत नाही, दाढेपाशीच सोडवावा लागतो.

या दाढेपाशी मला दोन गोष्टी दिसत होत्या. कॅपसाठी हिरडीलगत चारी बाजूंनी मिलिमीटरभर तरी तासावं लागलं असतं, आणि पुढच्या बाजूला, जिथे कीड खोल गेली होती, तिथे मानेजवळ जेमतेम तेवढंच डेंटिन होतं. मानेजवळचं हे डेंटिन म्हणजे दाढेचा कणा. माथा पुन्हा बांधता येतो, हे आणता येत नाही. दुसरी गोष्ट, तुटलेल्या बाजूसकट जवळपास सगळीकडे कडेला इनॅमल होतं, आणि इनॅमलला चिकटलेलं कॉम्पोझिट वर्षानुवर्षं टिकतं. तेव्हा सगळे कस्प कापून खाली घ्यायचे आणि वरून कॉम्पोझिटचाच जाड माथा घालायचा, असं ठरलं. लॅबमधून तयार ऑनले (कस्प झाकणारं, बाहेर बनवून चिकटवायचं भरण) करून आणणं हाही चांगला मार्ग होता आणि चावा आणखी जड असता तर मी तोच धरला असता.

पोस्टबद्दल एक वाक्य, कारण तेही विचारलं गेलं: "आत एखादी सळई टाकून मजबूत नाही का करता येत?" पोस्ट मुळाला मजबूत करत नाही. वरचा गाभा धरायला दुसरं काही नसेल तर तो धरते, आणि तिच्यासाठी कॅनाल आणखी कोरावा लागतो. मोठ्या दाढेत चेंबरची विहीरच गाभ्याला पुरेशी पकड देते.

दुसरं भरण

एकदा कस्प कापायचे ठरल्यावर त्यात भीड ठेवून चालत नाही. झाकणाची जाडी कमी पडली तर झाकणच तुटतं. जिभेकडे दोन मिलिमीटर, गालाकडे, जिथे मुख्य चावा पडतो, अडीच मिलिमीटर जागा केली. खोलीसाठी आधी ठरावीक मापाच्या बरनं (ड्रिलच्या टोकानं) खाचा पाडल्या आणि मग मधलं उतरवलं, डोळ्याच्या अंदाजावर सोडलं नाही. आतले कोपरे सगळे गोल केले. पहिल्या वेळी तडा जिथून निघाला तो कोपरा टोकदार राहिला होता. शाबूत असलेला मागचा बांधही खाली घ्यावा लागला, आणि सांगते, हात जरा अडला. ज्याच्या भरवशावर चौदा महिने काढले तोच कापायचा.

पावडरीचा झोत, इनॅमलला आम्ल, बाँडिंग. मग तळाशी आखूड काचतंतूंचं कॉम्पोझिट. साध्या कॉम्पोझिटमध्ये काचेची सूक्ष्म पूड असते, यात त्याबरोबर मिलिमीटर-दोन मिलिमीटर लांबीचे ई-ग्लासचे तंतू आडवेतिडवे पसरलेले असतात. हत्यारानं दाबताना फरक हाताला कळतो: माल लोण्यासारखा पसरत नाही, ओल्या लोकरीसारखा ओढला जातो, आणि टोकाला एखादा केस चिकटून वर येतो. तडा सरळ पुढे पळायला निघाला की तंतू आडवे येतात, त्याला वळवतात किंवा थोपवतात. प्रयोगशाळेत असा गाभा घातलेल्या दाढा तुटतात तेव्हा पुष्कळदा हिरडीच्या वरच तुटतात, म्हणजे पुन्हा भरण्याजोग्या राहतात. तोंडातला दीर्घ अनुभव अजून तितका नाही, म्हणून हा पदार्थ म्हणजे जादू असं मी रुग्णाला सांगत नाही. एक पथ्य मात्र काटेकोर पाळायचं: तंतूंचा थर उघडा ठेवायचा नाही. तो खरबरीत झिजतो आणि चमक धरत नाही. त्याच्यावर साध्या कॉम्पोझिटचे दीड-दोन मिलिमीटर हवेतच.

बाहेरच्या भिंती आधी उभ्या केल्या, पुढची बँडच्या आधारानं, जिभेकडची बऱ्यापैकी अंदाजानं. मग गाभा, मग एकेक कस्प स्वतंत्र. सगळा माथा एका गोळ्यात थापला तर आक्रसतानाचा ओढाही सगळ्या भिंतींना एकदम बसतो; एकेक कस्प केला की तो विभागला जातो. शेवटचा थर ग्लिसरीन जेलखाली घट्ट केला, कारण हवा लागलेला पृष्ठभाग चिकट आणि अर्धवट जमलेला राहतो. कस्प मुद्दाम बुटके, उतार सौम्य. देखणेपणात पहिलं भरण सरस होतं.

आणि कागद या वेळी तीनदा: मिटून, डावीकडे सरकवून, उजवीकडे सरकवून. उजवीकडच्या सरकण्यात जिभेकडच्या उतारांवर एकही खूण उरू दिली नाही. दहा मिनिटं कमी दोन तास लागले. आठवड्याभरानं रात्री घालायला कडक अ‍ॅक्रिलिकचा नाइट गार्ड दिला.

त्यानंतर

सहा महिन्यांनी काही विशेष नाही. वर्षानं जिभेकडच्या कडेला केसाएवढी तपकिरी रेघ दिसली. प्रोब अडकत नव्हता, खाली मऊ लागत नव्हतं, पॉलिश केल्यावर गेली. दोन वर्षांच्या एक्स-रेमध्ये मुळांची टोकं स्वच्छ, पुढच्या खोल कडेखाली नवी कीड नाही. माथ्यावर, वरच्या दाढेचं टोक टेकतं तिथे, कॉम्पोझिट किंचित झिजून निस्तेज झालं आहे.

गेल्या महिन्यात आले तेव्हा नाइट गार्ड सोबत आणला होता. उजवीकडे, नेमका या दाढेच्या वर, त्याला खोल घासलेला खळगा पडलेला होता, दुसऱ्या कुठल्याही जागेपेक्षा खोल. मी तो त्यांना उजेडात धरून दाखवला. "म्हणजे हे सगळं आधी दाढेवर जात होतं?" त्यांनी विचारलं. "हो." मग थोड्या वेळानं, "आणि हेही तुटलं तर?" तर कॅप. मान तासलेली नाही, त्यामुळे कॅपला लागणारं डेंटिन अजून जागेवर आहे. गार्डचा खळगा भरून दिला, उजवीकडे सरकवून पुन्हा एकदा कागद लावला, आणि सहा महिन्यांनंतरची तारीख दिली.